विहीर बाधते

५ फेब्रुवारी

आत्या, नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुझी शेजारची मुलगी माझं बोलणं तुझ्या कानात ओरडून सांगते तेव्हा अर्ध्या गल्लीला कळतं. म्हणून लिहिते आहे. काम एकच आहे. आपल्या जुन्या घरामागची विहीर नेमकी कुठे होती?

कारण सांगते. नाना, म्हणजे तुझे दादा, गेल्यावर ती जागा पालिकेने घेतली, घर पाडलं आणि पुढे कितीतरी वर्षं तिथे राडारोडा टाकण्यापलीकडे कोणी काही केलं नाही. गेल्या वर्षी मी खेटे घालून ती आमच्या वस्तीसाठी मागून घेतली. आता तिथे भाजीचे वाफे आहेत, घरटी एक. निवृत्त मुख्याध्यापिकेला ओरडायला कोणीतरी लागतं, तीही सोय झाली. सगळे मला बाईच म्हणतात. पालिकेची अट अशी की उन्हाळ्याअखेर जागा हिरवी दिसली पाहिजे. नाही दिसली तर ती परत घेऊन गाड्या लावायला देणार. बऱ्याच घरांत ताजी भाजी यायला लागली ती या वाफ्यांमुळे, त्यामुळे हे मी होऊ देणार नाही.

सगळं अडलं आहे पाण्यावर. टँकर जावयासारखा येतो, वाटेल तेव्हा, आणि आला की मान ठेवावा लागतो. नळ घ्यायचा तर मोठी वाहिनी रस्त्यापलीकडे, आणि रस्ता खोदायची परवानगी मिळेपर्यंत माझा फोटो भिंतीवर लागेल. शेजारच्या छापखान्याच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवता येईल, पण ते पुढच्या वर्षी. भरवशाचं आणि परवडणारं पाणी मला एकच दिसतं, ते आपल्याच जागेत, विहीर झाकणाऱ्या फरशीखाली आहे.

ते घर पाहिलेलं तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. आम्ही ते घर सोडून भाड्याच्या जागेत गेलो तेव्हा मी फार लहान होते. मला फक्त गार फरशी आठवते, आणि तिच्यावर बसले म्हणून माझा दंड धरून ओढणारी आई.

तुझी,
बारकी

१६ फेब्रुवारी

बारके, अनेक आशीर्वाद.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता अक्षर स्वच्छ दिसतं. माणसंही स्वच्छ दिसतात, ते इतकं बरं नाही.

विहीर घरामागे डाव्या अंगाला होती, दादाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून. तुला कारखाना कुठला आठवायला. नळांना, दाराच्या कड्यांना निकेल-क्रोमचा मुलामा द्यायचे तिथे. काळवंडलेली कडी आत जायची आणि आरशासारखी होऊन बाहेर यायची. भिंतीचा पाया दगडी होता, तो कोणी उचलून नेला नसेल. पायाच्या टोकाशी खणलंस की फरशी लागेल.

विचारलंस म्हणून सांगितलं. पण बारके, त्या विहिरीच्या नादी लागू नकोस. ती विहीर बाधते. दादाने हौसेने फरशी घातली नव्हती. टँकरवाल्याच्या हातापाया पड, पालिकेत जाऊन बस, तुझ्या जिभेपुढे कोण टिकतं? पण ते पाणी नको. तुला हे मी वेगळं सांगायला नको.

तब्येतीला जप. मी जपते, कारण दुसरा उद्योग नाही.

आत्या

२८ फेब्रुवारी

आत्या, नमस्कार.

फरशी मिळाली, तू सांगितलंस तिथेच.

आता ते 'बाधते'. आत्या, तूसुद्धा? इथली निम्मी मंडळी हेच तोंडात घेऊन बसली आहेत. गवंड्याने फरशीवर पहार ठोकली, कान लावला आणि म्हणाला, "बाई, खालून परत ठोकतंय." मी म्हटलं, "पोकळ जागेत आवाज घुमतो. पाचवीतलं पोरही याला भूत म्हणत नाही." तो म्हणाला, "मग पाचवीतल्या पोराकडून उचलून घ्या," आणि पहार खांद्यावर टाकून चालता झाला. दुसरा गवंडी आणावा लागला.

एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. वाफा सगळ्यांत देखणा त्यांचाच, जीभही तशीच धारदार. त्या म्हणतात, भर दुपारी फरशीपाशी मुलीचा आवाज येतो. ती एकच शब्द बोलते, 'अजून'. मी म्हटलं, "अजून काय? वाक्य पुरं करायला सांगा तिला."

"मी कोण सांगणार," त्या म्हणाल्या. "तुम्हीच विचारा बाई. जागा तुमच्या घरची, तुमच्याच ओळखीची असेल."

मंडळी हसली. मला हसू आलं नाही.

माझ्या ताईला त्या विहिरीने नेलं हे मला लहानपणापासून माहीत आहे. घरात कोणी चकार शब्द काढला नाही, तरी माहीत आहे. मी पेल्यातलं पाणी डोळे मिटून प्यायचे, कारण उघडे ठेवले तर तळाशी ताई दिसायची. शहाणी झाले तसं मी ठरवलं की घाबरायचं नाही, आणि घाबरणाऱ्यांची गय करायची नाही. शाळेत कितीतरी मुलांची भुतं मी छडी न उचलता पळवली. आता त्याच विहिरीला भिऊन सगळ्यांच्या वाफ्यांवर पाणी सोडू? ते माझ्याकडून व्हायचं नाही. पाणी सोडायचंच असेल तर नळीने सोडीन.

बारकी

१० मार्च

बारके, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. तुला माहीत आहे? मी इतकी वर्षं समजत होते की तुझ्यापर्यंत ते पोचलं नाही. आणि माहीत असून तू फरशी उचलतेस? तुला काय म्हणावं मला कळत नाही.

ताईच्या आधी ती विहीर झाडांना बाधली होती. भिंतीकडचा पेरू उभ्याउभ्या वाळला, मग कर्दळ गेली. मग बेडूक दिसेनासे झाले. पाणी मात्र काचेसारखं, तिथेच सगळे फसलो. दादाला तेव्हाच कळायला हवं होतं. ताई गेली, फरशी पडली आणि त्याच आठवड्यात दादाने कारखान्याला कुलूप लावलं. पुढे एका पेढीवर कारकुनी केली. चकचकीत वस्तूला तो पुन्हा शिवला नाही. घरातल्या कड्या काढून त्याने लाकडी खुंट्या बसवल्या, त्या तुला आठवत असतील.

दुसरं एक. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना 'अजून' हा शब्द कोणी सांगितला? तो त्या खोलीबाहेर गेलेला नाही. खोलीत दादा, वहिनी आणि मी होतो, आणि ताई. आता मी एकटी उरले आहे, आणि मी हे कधी कोणाला बोलले नाही. तुझं पत्र हातातून खाली ठेवलं आणि घरातले सगळे दिवे लावले. बाहेर लख्ख ऊन होतं.

माहीत असलेल्या माणसाला काय समजवायचं. विनवते. ते पाणी झाडाला नको, माणसाला नको.

आत्या

२ एप्रिल

आत्या, नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पेरू किडीनेही वाळतो आणि बेडूक स्वतःच्या मर्जीने जातात. कुठली खोली आणि कसलं 'अजून', ते मी विचारत नाही. विचारलं तर विश्वास ठेवायला लागेन, आणि या वयात मला ते परवडणार नाही.

आता कामाचं. विहीर उघडली. गाळ उपसायला लागेल, मेलेलं काहीतरी निघेल, अशी सगळ्यांची तयारी होती. काही निघालं नाही. शेवाळ नाही, डास नाहीत, एक किडा नाही. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड दिसतात. किंचित पिवळसर आहे, लिंबाची फोड बुडवल्यासारखं. मी पालिकेत नमुना दिला. तिथे जंतू तपासतात. चिठ्ठी आली, एकही जंतू नाही. तपासणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, इतकं शुद्ध पाणी आमच्या नळालाही येत नाही."

तरी मंडळी काठापासून चार हात लांब. तेव्हा मी सगळ्यांसमोर पेला भरला आणि उभ्याउभ्या संपवला. चव जड आहे, जुनं नाणं जिभेवर ठेवल्यासारखी. म्हटलं, "झालं? बघा मला झपाटलंय का." छापखान्याचे मालक म्हणाले, "बाई, तुम्हाला झपाटायचं म्हणजे भुतालाच रजा काढावी लागेल." त्यानंतर सगळे पुढे आले.

पंप बसला. मचाणावर टाकी चढली. नळवाल्याने वाफ्यांतून ठिबकच्या नळ्या फिरवल्या. सकाळी एका बाजूचे वाफे, संध्याकाळी दुसऱ्या बाजूचे, आणि पाळी मोडली तर गाठ माझ्याशी. विजेच्या बिलापलीकडे खर्च नाही. पालक तर उपटून नेला तरी पुन्हा हजर. छापखानेवाल्यांची नात दिवसभर नळीला तोंड लावून पाण्याच्या चुळा उडवते, आणि मी तिला ओरडतही नाही, म्हणजे विचार कर. शिवणवाल्या बाई तेवढ्या घरून डबे भरून आणतात. दोन्ही हातांत डबे, आणि माझ्या समोरून मुद्दाम हळू चालत जातात.

एक गोष्ट तुलाच लिहिते. परवा दुपारी सगळे गेल्यावर मी काठावरून वाकून पाहिलं. पाण्यात चेहरा होता. माझाच, हे मला कळत होतं. पण मी सरळ उभी राहिले तरी तो क्षणभर वाकलेलाच राहिला. मी म्हटलं, "ताई?" मोठ्याने म्हटलं. नंतर इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना.

चष्म्याचा नंबर बदलायला हवा.

बारकी

१२ एप्रिल

आत्या,

आज दुपारी तुझ्या शेजारच्या मुलीचा फोन आला. "आजी म्हणतात, विहीर बाधते, आत्ताच्या आत्ता बंद करा." मागून तुझा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. तुझा आवाज इतका म्हातारा झाला आहे हे मला माहीत नव्हतं. मी मुलीला सांगितलं, "आजीला म्हणावं, बाधली तर कळवीन." ती हसली, मीही हसले.

रागावू नकोस. जागा हिरवीगार आहे. पालिकेचा माणूस बघून गेला, वहीत खूण केली आणि गाड्यांबद्दल अवाक्षर बोलला नाही. टोमॅटोच्या पानांच्या कडा तेवढ्या करपल्यासारख्या दिसतात. ऊन फार आहे.

दुपारी तिथे थांबणं मी बंद केलं आहे. कारण काही नाही.

बारकी

१२ एप्रिल

बारके,

आधी जाऊन पंप बंद कर. मग पुढे वाच.

आत्ता तुला फोन करायला लावला. मुलीने तुझा निरोप सांगितला आणि हसली. तू हसलीस म्हणून हसली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं की तू भुताबद्दल बोलते आहेस. पहिल्या पत्रापासून भुताबद्दलच बोलते आहेस. आणि मी पाण्याबद्दल.

बारके, वांगं बाधतं, शिळं अन्न बाधतं, तसं मी म्हणत होते. पोटाला बाधतं, रक्ताला बाधतं. विहिरीत भूतबीत काही नाही. विहिरीत विष आहे.

मुलामा चढवायची आम्लं, क्षार, जे वापरून वापरून निकामी व्हायचं ते कारागीर भिंतीमागच्या खड्ड्यात ओतायचे. दादाच सांगायचा ओतायला. दुसरीकडे कुठे नेणार? तेव्हा कोणी विचारत नव्हतं. खड्डा कधी भरायचा नाही, याचं सगळ्यांना कौतुक. पाणी कुठे जातं, असं कोणाच्या मनात आलं नाही. ते विहिरीत जात होतं.

ताई उन्हाळ्यात आजारी पडली. आधी उलट्या, मग नाकातून रक्त, मग घशाची आग. ताई विहिरीत पडली असं तुला कोणी सांगितलं? ती आपल्या अंथरुणात गेली, भर दुपारी, तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. 'त्या विहिरीने नेलं हे मला माहीत आहे' असं तू लिहिलंस आणि मी समजले की तुला हेच माहीत आहे.

तुला धडधडीत 'विष' लिहायला हवं होतं. पण आमच्या घरात तो शब्द कधी वापरलाच नाही. आम्ही 'बाधली' म्हणत आलो. पहिला माणूस दादा, आणि त्याच्यामागून मी.

तू पेलाभर प्यायलीस. ती नात नळी तोंडात घेते. आजच्या आज डॉक्टरांकडे जा आणि त्यांना भुताचं नाही, क्रोमचं नाव सांग.

पत्र कुरिअरने पाठवते आहे. मुलीला पुन्हा फोन लावायला सांगितला, तुझा लागत नाही.

आत्या

१७ एप्रिल

आत्या,

पत्र परवा मिळालं. पहिली ओळ वाचून तशीच चपला घालून गेले, पंप बंद केला, टाकी रिकामी करायला लावली. बाकीचं वाफ्याच्या बांधावर बसून वाचलं.

छापखानेवाल्यांची नात तीन दिवस उलट्या करत होती. ऊन लागलं म्हणून घरीच कांदा-लिंबू चाललं होतं. मी जाऊन सांगितलं. मालकांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही, पोरीला उचललं आणि रिक्षा थांबवली. ती इस्पितळात आहे. रक्त तपासायला दिलं आहे. माझंही. काल रात्री तिची आई माझ्या दारात आली, उभी राहिली आणि गेली.

पाण्याचा नमुना आता मोठ्या प्रयोगशाळेत गेला आहे. तिथे धातू तपासतात. पहिल्यांदा जंतू तपासले तेव्हा मी विचारायला हवं होतं की एकही जंतू का नाही. ज्या पाण्यात किडाही जगत नाही, त्याला मी शुद्ध म्हणाले.

नानांनी शब्द मात्र बेमालूम निवडला. 'विष' म्हटलं तर कोणी घातलं हा प्रश्न येतो. 'बाधली' म्हटलं की येत नाही. ऐकणारा आपोआप भुताकडे वळतो आणि बोलणारा खोटंही बोललेला नसतो. मी तीस वर्षं मुलांना शब्दांचे अर्थ शिकवले आणि घरातल्या एका शब्दाचा अर्थ मला लागला नाही. नाना त्या शब्दाआड आयुष्यभर बसून राहिले. आईला भुताच्या धाकात ठेवलं, मला ठेवलं, आणि आता या लोकांना.

आणखी एक. विहिरीत ताई नाही, कधीच नव्हती, हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटत नाही. इतकी वर्षं मी तिला नाही म्हणत होते, तरी ती कुठे आहे ते मला ठाऊक होतं.

बारकी

२५ एप्रिल

बारके, आशीर्वाद.

नातीला बरं वाटतंय का ते आधी कळव.

दादाला बोललीस ते बोललीस. खड्ड्याबद्दल बोल, मी एका शब्दाने अडवणार नाही. पण तो शब्द त्याने स्वतःसाठी निवडला नव्हता. ते मला लिहायलाच हवं, नाहीतर माझ्यामागे कोणी लिहिणार नाही.

ताईच्या घशाची आग व्हायची तेव्हा तिला सारखं पाणी लागायचं. घरात दोन पाणी होती. नळाचं, ते उन्हाने तापायचं. आणि विहिरीचं, गार. वहिनी विहिरीचं आणायची. बादली स्वतः ओढायची, फडक्याने गाळून घ्यायची आणि तांब्या ताईच्या ओठाला लावायची. ताई प्यायची आणि म्हणायची, "अजून." वहिनी पुन्हा जायची. आम्ही म्हणायचो, निदान पाणी तरी जातंय पोटात.

शेवटच्या दिवशी दादा विहिरीशी उभा होता. त्याच्या हातात पेरूची वाळकी फांदी होती. एकदा खड्ड्याकडे बघत होता, एकदा विहिरीकडे. त्याला कळलं ते मी त्याच्या तोंडावर बघितलं. तेवढ्यात वहिनी रिकामी बादली घेऊन आली. त्याने तिच्या हातातून बादली काढून घेतली आणि भिंतीपलीकडे फेकली. तिला वाटलं, दुःखाने फेकली.

ताई गेल्यावर वहिनीने एकच विचारलं. "माझ्या पोरीला झालं काय?" दादाच्या तोंडून निघालं, "विहीर बाधली." तिने त्याचा जो अर्थ घेतला तो आम्ही घेऊ दिला. खोलीबाहेर आल्यावर दादाने माझा हात धरला आणि म्हणाला, "हिला कळलं तर ही जगणार नाही. माझं मी बघतो." तो आयुष्यभर भूत मानणाऱ्यांत गणला गेला. लोक हसायचे, शिकलेला माणूस आणि विहिरीला भितो. तो ऐकून घ्यायचा.

वहिनी गेली तेव्हा मला वाटलं, आता निदान तुला सांगावं. मग वाटलं, कशाला. तेवढं माझं चुकलं.

आत्या

९ मे

आत्या, नमस्कार.

नात घरी आली. खाते, खेळते, आईवर खेकसते. दर महिन्याला रक्त तपासायचं आहे. माझ्या मूत्रपिंडांबद्दल डॉक्टर 'बघू' म्हणतात. माझ्या शाळेत नापास होणाऱ्या मुलाच्या बापाला मी हेच सांगायचे.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. तू लिहिलंस तेच आहे, फक्त आकड्यांत. पालिकेने जागेला कुंपण घातलं. मातीही खणून न्यावी लागणार आहे, त्यामुळे गाड्याही उभ्या राहायच्या नाहीत. वाफे आम्ही स्वतः उपटले. हिरवीगार भाजी मुळासकट पोत्यांत भरताना बघवत नव्हती.

त्याआधी मी सगळ्यांना बोलावून सांगितलं. कारखाना कोणाचा, खड्डा कोणाचा, मुलगी कोणाची, पेला कोणी प्यायला आणि कोणी तुम्हाला प्यायला लावला. मग शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "भूत असतं तर बरं होतं बाई. त्याला घालवता तरी आलं असतं." छापखान्याचे मालक उठून गेले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत आणि त्यांनी बोलावं असं मी म्हणणारही नाही. पण पत्र्यावरच्या पाण्याला त्यांनी नकार दिलेला नाही. मुलाकरवी कळवलं, पन्हळी लावून घ्या. शाळेने मागचं पटांगण दिलं आहे. माती बाहेरून आणायची, ती आधी तपासायची. पावसाळ्यात टाक्या, उन्हाळ्यात शाळेच्या नळाची ठरावीक पाळी. पाणी थोडं असेल, भाजी थोडी होईल. या वर्षी मंडळींच्या घरात विकतची भाजी येईल, किंवा येणार नाही.

काल शिवणवाल्या बाई घरी आल्या. उन्हातून चालत आल्या होत्या, पाणी मागितलं. मी पेला भरला. नळाचं साधं पाणी. तो त्यांच्यापुढे धरायला गेले आणि माझा हात पुढे जाईना. मी पेला टेबलावर ठेवला, मागे सरले आणि म्हटलं, "घ्या."

माझाच आवाज ऐकून मी दचकले. आई असंच करायची, आत्या. आल्यागेल्याला, मला, नानांनाही. पेला भरून ठेवायची, दोन पावलं मागे सरायची आणि म्हणायची, "घे." मला आठवतं तसं तिने कधी कोणाच्या हातात पाणी दिलं नाही. लोक तिला मानी म्हणायचे. मीही म्हणायचे. नाना शेवटच्या दुखण्यात पडले, त्यांना चमच्याने पाणी पाजावं लागायचं, तेव्हा ती मला शाळेतून बोलावून घ्यायची. वर्ग सोडून यावं लागतं म्हणून मी चिडायचे. "तुला एवढंही जमत नाही?" असं मी तिला एकदा म्हणाले. ती म्हणाली, "नाही."

तिला माहीत होतं, आत्या. कधी कळलं ते मला सांगता येणार नाही, पण माहीत होतं. नाना तिच्यासमोर भुताला भ्यायचे आणि ती त्यांना भिऊ द्यायची.

शिवणवाल्या बाईंनी पेला उचलला. मी तो त्यांच्या हातात का दिला नाही, असं त्यांनी विचारलं नाही. पाणी प्यायल्या आणि पेला विसळून स्वतःच जागेवर ठेवला.

बारकी